सोमवारची बाटली

आमच्या प्रयोगशाळेत पांढरे कोट जास्त आणि अक्कल कमी आहे, असं माझं बावीस वर्षांपासूनचं मत आहे. ते कुणी विचारात घेत नाही, कारण मी शास्त्रज्ञ नाही. माझा हुद्दा तंत्रज्ञ. म्हणजे यंत्रं मी चालवायची, द्रावणं मी करायची, काही बिघडलं की निस्तरायचं मी, आणि शोधनिबंध छापून आला की शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत माझे आभार मानायचे. एकदा त्या आभारांत माझ्या आधी झेरॉक्सवाल्याचं नाव होतं.

प्रयोगशाळेचे प्रमुख म्हणजे माझे धाकटे दीर. मी इथे लागले ती त्यांच्या तीन वर्षं आधी, पण सगळ्यांची समजूत अशी की दिरानं वहिनीला चिकटवून घेतली. ती समजूत त्यांनी कधी खोडून काढली नाही. चारचौघांत ते मला मॅडम म्हणतात. दार लोटून घेऊन 'वहिनी' म्हणाले, की समजायचं, काहीतरी माझ्या गळ्यात पडणार आहे. मीही चारचौघांत त्यांना सर म्हणते. मनात मात्र महाराज.

महाराजांचं सगळं नाव एका अर्धवट घडीवर उभं आहे. प्रथिन म्हणजे एक लांबच लांब साखळी. ती आपली आपण दुमडत जाते आणि ठरलेल्या आकारात येऊन बसते. घडी नीट बसली तरच प्रथिन कामाचं. युरियाच्या दाट द्रावणात ठेवलं की घडी उलगडते, साखळी मोकळी होते. मग त्यात झटकन पाणी मिसळून युरिया पातळ केला, की घडी परत बसायला लागते. हे इतक्या लवकर होतं की त्याला खास यंत्र लागतं. दोन पिचकाऱ्या एकदम दाबल्या जातात, मिश्रणावर प्रकाश पडतो, आणि प्रथिनाची चमक कशी बदलत गेली त्याची रेघ पडद्यावर उमटते.

बहुतेक प्रथिनं सरळ घडी पुरी करतात. काही वाटेत जरा थबकतात. त्याला मधली अवस्था म्हणायचं. ती पापणी लवायच्या आत संपते, म्हणून ती पकडायला जगभरचे लोक जिवाचं रान करतात. आमचं प्रथिन मात्र अर्ध्या घडीवर चक्क दोन-दोन तास बसून राहतं. इतकी टिकाऊ मधली अवस्था कुणी पाहिली नव्हती. अकरा वर्षांपूर्वी हा शोध छापून आला आणि तेव्हापासून महाराज जिथे जातील तिथे तेच दळण दळतात. भाषणाच्या शेवटी आवाज खाली आणून म्हणतात, "तसं पाहिलं तर आपण सगळेच कुठल्या ना कुठल्या मधल्या अवस्थेत असतो." लोक टाळ्या वाजवतात. त्या शोधातला एकूण एक आकडा माझ्या हातून निघालेला आहे, आणि या गृहस्थांना आता ते यंत्र सुरू कुठून करतात तेही सांगता यायचं नाही.

माझ्या हातावर माझा विश्वास होता तो उगाच नव्हता. मी आले तेव्हा इथे नुसता सावळागोंधळ होता. ज्यानं त्यानं आपापला युरिया विरघळवायचा, कुणाचा दाट, कुणाचा पातळ, आणि मग आकडे जुळत नाहीत म्हणून एकमेकांच्या नावानं खडे फोडायचे. मी ते बंद पाडलं. दर सोमवारी सकाळी जवळजवळ किलोभर युरिया तोलून दोन लिटरची एक बाटली मी स्वतः भरते. आठवडाभर सगळ्यांनी त्यातूनच घ्यायचं. बाटलीवर तारीख आणि माझी सही. रोज आल्या आल्या एक थेंब काचेवर घेऊन तो प्रकाश किती वाकवतो ते बघायचं, त्यावरून द्रावणाची तीव्रता काढायची आणि वहीत मांडायची. सोमवारपासून शुक्रवारपर्यंत तिसऱ्या दशांशालाही धक्का लागत नसे. बाहेरून येणारे पाहुणे ती वही बघून तोंडात बोट घालत. मला त्याचा अभिमान होता, आणि तो मी लपवत नसे.

बिचारी इथे पीएचडीला आली त्याला सहा वर्षं झाली. बिचारी हे मीच तिला मनातल्या मनात ठेवलेलं नाव. सरळ वाक्यसुद्धा अशी बोलायची की जणू त्याची परवानगी मागते आहे. दार उघडं असलं तरी टकटक करायची. अशा माणसांचा मला राग येतो. तिच्या प्रबंधाचा विषय महाराजांनी दिला तोच: ती टिकाऊ मधली अवस्था किती स्थिर आहे, तापमान वाढवलं तर किती टिकते, आम्लात किती, क्षारात किती. काम चिकाटीचं होतं, आणि चिकाटी तिच्याकडे होती, एवढं मी मान्य करते.

तिची अडचण सोमवारची होती. सोमवारी तिच्या रेघेत मधली अवस्था दिसायचीच नाही, दिसली तर नावापुरती. मंगळवारी जराशी. बुधवारनंतर ठळक. शुक्रवारी तर डोळे मिटूनही दिसली असती. एकदा ती सहा महिन्यांच्या रेघा घेऊन माझ्यापुढे उभी राहिली.

"मॅडम, सोमवारी काहीतरी वेगळं होतंय."

"होणारच. रविवारची सुस्ती हातातून उतरलेली नसते तुझ्या."

"पण प्रत्येक सोमवारी, मॅडम?"

"मग प्रत्येक रविवारी लवकर झोपत जा."

तिनं मान डोलावली आणि पुढे सोमवारी प्रयोग करणंच सोडून दिलं. जुने सोमवार टाकून द्यायचे तर कारण द्यायला हवं, म्हणून प्रबंधात एक वाक्य आलं: 'सोमवारची मोजमापे माझ्या हाताळणीतील त्रुटींमुळे वगळली आहेत.' तो मसुदा मी वाचला होता. ते वाक्य मला प्रामाणिक वाटलं होतं.

तिची तोंडी परीक्षा बुधवारची ठरली. त्याच्या आदल्या गुरुवारी संस्थेच्या मासिकाचा फोटोग्राफर आला. महाराजांनी कपाटातला, घडीसुद्धा न मोडलेला पांढरा कोट अंगात चढवला आणि हातात काहीतरी हवं म्हणून माझी बाटली उचलली. फोटोग्राफर म्हणाला, जरा उजेडाकडे धरा. महाराजांनी धरली आणि सोडली. दोन लिटर युरिया फरशीवर. मी पुसून काढेपर्यंत ते हात झटकत दुसऱ्या खोलीत जाऊन सूक्ष्मदर्शकाजवळ उभे राहिले होते. आमच्याकडे सूक्ष्मदर्शक कुणी वापरत नाही, पण फोटोत बरा दिसतो.

मी नवी बाटली भरली. त्या दिवशी दुपारी बिचारीला परीक्षेत दाखवण्यासाठी एक शेवटची स्वच्छ रेघ हवी होती. अर्ध्या तासानं ती माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली.

"मॅडम, दिसत नाहीये."

"काय दिसत नाहीये?"

"मधली अवस्था. सरळ घडी होतेय."

"आज गुरुवार आहे. आज कसली सुस्ती?" असं म्हणत मी उठले. हिला बाजूला सारलं, पिचकाऱ्या धुतल्या, स्वतः भरल्या, कळ दाबली. रेघ सरळ चढली आणि वर जाऊन स्थिरावली. वाटेत कुठे थांबणं नाही, काही नाही. मी दहा वेळा केलं. दहाही वेळा आमचं ते जगप्रसिद्ध प्रथिन इतर कुठल्याही प्रथिनासारखं निमूटपणे घडी घालून मोकळं झालं. बिचारी माझ्या मागे उभी होती. मी तिला घरी जायला सांगितलं.

शुक्रवारी मी सगळ्या वह्या काढल्या. तिच्या, तिच्या आधीच्यांच्या, आणि अकरा वर्षांपूर्वीच्या माझ्या. वार बघत गेले. महाराजांच्या त्या गाजलेल्या निबंधातल्या सगळ्या चांगल्या रेघा गुरुवार-शुक्रवारच्या होत्या. सोमवारच्या रेघांपुढे माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: 'यंत्र तापलेलं नाही, पुन्हा करावे.' पुन्हा म्हणजे आठवड्याच्या शेवटी.

प्रथिनाचं वजन अणूपर्यंत मोजून देणारं यंत्र तळमजल्यावर आहे. ते चालवणाऱ्याला मी काटेवाला म्हणते. त्याच्याशी कधी दोन शब्द धड बोलले नाही, कारण तो काम करताना गाणी गुणगुणतो. शनिवारी सकाळी मी त्याला फ्रीजरमध्ये जपून ठेवलेल्या, तारखा घातलेल्या प्रथिनाच्या नळ्या दिल्या. काही सोमवारच्या, काही शुक्रवारच्या. तासाभरात त्यानं कागद हातात ठेवले.

"या सोमवारच्या ठीक आहेत. या दुसऱ्यांत वजन त्रेचाळीसनं जास्त आहे. कुणात दोनदा त्रेचाळीस, कुणात तीनदा. शिळा युरिया वापरलात का हो?"

"शिळा म्हणजे?"

"चार दिवसांचा वगैरे. त्यातनं सायनेट होतं ना थोडं थोडं. ते प्रथिनाला जाऊन चिकटतं. नवी मुलं नेहमी करतात ही चूक." आणि तो परत गुणगुणायला लागला.

म्हणजे मधली अवस्था वगैरे काही नव्हतं. माझ्या बाटलीत रोज थोडं विष तयार होत होतं. ते प्रथिनाला चिकटत होतं, आणि चिकटलेल्या प्रथिनाला घडी वेळेवर पुरी करता येत नव्हती. ती टिकाऊ अवस्था म्हणजे आम्ही जायबंदी केलेलं प्रथिन. तीव्रता मी रोज मोजत होते आणि ती खरोखर तेवढीच होती, कारण चिमूटभर युरिया बदलला म्हणून तिसरा दशांश हलत नाही. हे मला अगदीच ठाऊक नव्हतं असंही नाही. द्रावण रोज ताजं करावं असं कुठल्याही पुस्तकात असतं. ते मी आळशी लोकांसाठी लिहिलेलं समजत होते, ज्यांना मोजता येत नाही अशांसाठी.

घरी आमच्या ह्यांना सांगितलं. हे निवृत्त मास्तर, सगळ्या गोष्टी फळ्यावरच्या गणितासारख्या बघतात.

"म्हणजे तू चुकलीस. एवढंच ना? लोक चुकतात."

"लोक चुकतात," मी म्हटलं. "मी नाही."

हे हसले नाहीत. उठून पंखा एका आकड्यानं कमी केला.

सोमवारी मी महाराजांच्या खोलीत गेले. कागद पुढे ठेवले, वार सांगितले, त्रेचाळीस सांगितलं. एवढं खरं की त्यांना पटकन समजलं. ते उठले आणि दार लोटून आले.

"वहिनी, बुधवारी परीक्षा आहे."

"म्हणूनच आज सांगतेय, भाऊजी."

"परीक्षकांना काही शंका नाहीये. प्रबंध वाचलाय त्यांनी. ती पास होणार, पुढच्या महिन्यात परदेशी नोकरीवर जाणार. कशाला तिच्या आयुष्यात बिब्बा घालायचा?"

"तिथे युरिया रोज ताजा करत असतील. पहिल्याच आठवड्यात तिची मधली अवस्था गायब होईल. लोक म्हणतील, आकडे बनवून आणलेत."

"ते तिथलं तिथे. आणि सोमवारचं म्हणाल, तर तिनं स्वतःच लिहिलंय ना, तिच्या हाताळणीची चूक म्हणून? आपण काहीच करायचं नाहीये, वहिनी. फक्त बोलायचं नाहीये."

मला त्यांची किळस आली. मी ती तोंडावर येऊ दिली, त्यांनाही दिसली. पण जिना उतरताना माझ्या लक्षात आलं की ते वाक्य तिच्या प्रबंधात त्यांनी घातलेलं नाही. त्यांना ते वाक्य आयतं मिळालं होतं. मला माझीही तितकीच किळस आली, आणि ती मला नवीन होती, त्यामुळे तिचं काय करायचं ते समजेना.

मंगळवारी सकाळी बिचारीला यंत्राच्या खोलीत बोलावलं आणि सगळं सांगितलं. बाटली, सायनेट, वार. महाराज काय म्हणाले तेही. ती स्टुलावर बसून ऐकत होती. रडेल असं मला वाटलं आणि आता ते बघावं लागणार म्हणून मी आधीच वैतागले होते.

"शुक्रवारची सगळीच मोजमापं?" तिनं विचारलं.

"शुक्रवारची सगळी. गुरुवारची बहुतेक."

"आणि सोमवारची बरोबर होती."

"हो."

"म्हणजे माझे हात चांगले होते."

चुकले, माफ कर, एवढं म्हणायला हवं होतं. माझ्या तोंडून निघालं ते असं: "काट्याचे कागद तुझ्या टेबलावर ठेवलेत. उद्या काय बोलायचं ते तू ठरव." तिनं खिशातून पेन काढलं आणि तारखा लिहून घेतल्या. तिचं अक्षर नेहमीसारखं नीट होतं. मी मुद्दाम बघितलं.

बुधवारी छोटं सभागृह भरलं होतं. पुढच्या रांगेत दोन परीक्षक, त्यांच्या शेजारी महाराज. मी सगळ्यात मागे, दाराजवळ. तिनं पहिलं चित्र पडद्यावर लावलं. ते आठवड्याच्या वारांचं होतं. ती म्हणाली, माझ्या प्रबंधाचा मुख्य निष्कर्ष चुकीचा आहे आणि तो कसा चुकला ते मी आज सांगणार आहे. वीस मिनिटं ती बोलली. एकदाही अडखळली नाही. परवानगी मागितल्यासारखं एकही वाक्य नव्हतं. ही बाई इतकी वर्षं आमच्याकडे होती आणि मला पत्ता नव्हता. महाराज बूट न्याहाळत होते.

परीक्षक वयस्क होते, सभ्य होते. त्यातल्या एका बाईंनी चष्मा काढला.

"हे तुम्ही आज सांगितलंत, याचा मला आदर आहे. पण पदवी आज देता येणार नाही, हे तुम्हालाही माहीत असेल. हे काम नव्यानं करावं लागेल. वर्ष, दीड वर्ष."

"हो."

"तुमची नोकरी ठरली होती, असं ऐकलं."

"होती."

"मग एक विचारते. द्रावण ताजं असावं ही अगदी सुरुवातीला शिकवायची गोष्ट आहे. वारांचा हा फरक तुम्हाला पहिल्या वर्षापासून दिसत होता. सहा वर्षांत तुम्ही कुणालाच कसं विचारलं नाहीत?"

आता महाराजांचं नाव येणार, असं मला वाटलं, आणि खोटं कशाला सांगू, मला बरंही वाटलं. बावीस वर्षं मी ज्याची वाट बघत होते ते आता चारचौघांत होणार होतं.

"युरियाचं मी पहिल्याच महिन्यात विचारलं होतं," ती म्हणाली. "रोज नवीन करायला नको का, म्हणून."

"मग काय उत्तर मिळालं?"

"उत्तर असं काही नाही. मला मोजता येत नसेल तर दुसरं काम शोध, असं सांगितलं."

"कुणी?"

महाराजांनी मान वर केली. तिनं महाराजांकडे बघितलं नाही. सगळ्या खुर्च्यांवरून तिची नजर शेवटच्या रांगेपर्यंत आली, क्षणभर माझ्यावर थांबली आणि परत पुढे गेली.

"ते आता महत्त्वाचं नाही," ती म्हणाली. "मी परत विचारायला हवं होतं. माझी हिंमत झाली नाही."

परीक्षक बाईंनी काहीतरी लिहून घेतलं. मी त्या पहिल्या महिन्यातला दिवस आठवायचा प्रयत्न करत होते. ती कुठे उभी होती, मी काय करत होते, कुणी ऐकलं का. काहीच आठवेना. ते वाक्य माझं होतं यात मला शंका नव्हती. ते मी इतक्या जणांना ऐकवलं आहे की त्यातलं तिच्या वाट्याचं कुठलं, ते मला सांगता येत नव्हतं.